काटा शून्यावर आला म्हणजे झालें काय?



कॅमेऱ्याची चक्री मॅन्युअलवर फिरवावी, दर्शकांत दिसणारा काटा शून्यावर आणावा आणि कळ दाबावी, म्हणजे फोटो बरोबर येतो, असा एक समज हल्लीं हौशी मंडळींत रूढ झाला आहे. थोरला भाऊ धाकट्यास हेंच शिकवितो, आणि पुष्कळदां फोटो बराही येत असल्यामुळें या उपदेशाबद्दल कोणास शंका येत नाहीं. परीक्षेंत जें शून्य कोणास नको असतें, तें येथें सर्वांस हवेंसें वाटतें. माझें मत असें आहे कीं, हा उपदेश अर्धाच खरा आहे, आणि त्याचा न सांगितलेला अर्धा भाग अधिक महत्त्वाचा आहे. तो ठाऊक नसल्यामुळें चित्रें तर बिघडतातच; परंतु त्याहून वाईट गोष्ट ही कीं, माणसांच्या चेहऱ्यांवर अन्याय होतो, व त्या माणसांत आपलींच मुलें असतात. ज्यांच्या घरीं कॅमेरा नाहीं त्यांनींही हा लेख वाचावा. कारण फोटो काढून घेण्याचा प्रसंग आतां कोणासच चुकलेला नाहीं.

प्रथम मूळ गोष्ट पाहूं. छायाचित्र म्हणजे मापून घेतलेला उजेड. तो किती घ्यावयाचा हें तीन गोष्टींवर ठरतें. भिंगांतील छिद्र केवढें उघडावयाचें, ही पहिली. पडदा किती वेळ उघडा ठेवावयाचा, ही दुसरी. आणि आंत आलेल्या उजेडापासून जो विद्युत्-संकेत उत्पन्न होतो तो किती वाढवून घ्यावयाचा, ही तिसरी. यांस अनुक्रमें ॲपर्चर, शटर व आयएसओ म्हणतात. शटरचे आंकडे १/६०, १/१२५, १/२५०, १/५०० असे असतात. प्रत्येक पायरीस वेळ निम्मा होतो. आयएसओचे आंकडे १००, २००, ४००, ८०० असे दुपटीनें चढतात. ॲपर्चरचे आंकडे मात्र नवख्यास चमत्कारिक वाटतात: २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. यांत गणिताच्या तासाचीच एक गोष्ट दडलेली आहे. भिंगाच्या नाभीय अंतरास छिद्राच्या व्यासानें भागिलें असतां जो भागाकार येतो, तो हा आंकडा. म्हणून आंकडा मोठा तितकें छिद्र लहान. परंतु आंत येणारा उजेड छिद्राच्या क्षेत्रफळावर अवलंबून असतो, आणि क्षेत्रफळ निम्में करावयाचें तर व्यासास दोहोंच्या वर्गमुळानें, म्हणजे सुमारें १.४ नें भागावें लागतें. म्हणूनच एकेका पायरीस हा आंकडा १.४ पटीनें वाढत जातो. वर्गमुळाचा उपयोग काय, असें विचारणाऱ्या विद्यार्थ्यानें घरचें भिंग हातांत घेऊन पाहावें.

दुपटीच्या किंवा निमपटीच्या या एका पायरीस 'स्टॉप' असें म्हणतात. छिद्र दोन पायऱ्या उघडून वेळ दोन पायऱ्या कमी केला, तर उजेड तितकाच राहतो. एफ १६ व १/१२५ सेकंद यांनीं जेवढा उजेड मिळतो, तेवढाच एफ ८ व १/५०० सेकंद यांनीं मिळतो. निरभ्र उन्हांत आयएसओ १०० असतां एफ १६ व १/१२५ हा हिशेब जवळजवळ बरोबर येतो, हा जुन्या छायाचित्रकारांचा ठोकताळा आजच्या डिजिटल कॅमेऱ्यासही लागू पडतो. कारण सूर्य तोच आहे.

हा अंदाज बांधावयाचा कसा, हा प्रश्न छायाचित्रकलेइतकाच जुना आहे. मुंबईंत १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या पिढींतील नामांकित छायाचित्रकार होत. दादासाहेब फाळके हेही चित्रपटाकडे वळण्यापूर्वीं छायाचित्रकाराचा व्यवसाय करीत. १९१२ च्या सुमारास त्यांनीं कुंडींतील वाटाण्याच्या वेलाची वाढ थोडथोड्या अंतरानें टिपून एक लहानसा चित्रपट केला, आणि १९१३ च्या मे महिन्यांत 'राजा हरिश्चंद्र' मुंबईंत लोकांपुढें आणला. विजेच्या प्रकाशमापकाचा तेव्हां पत्ताही नव्हता. उजेड ओळखावयाचा तो डोळ्यांनीं व अनुभवानें. अमेरिकेंतील वेस्टन कंपनीनें छायाचित्रकारांसाठीं विजेचा प्रकाशमापक काढला तो १९३२ मध्यें. त्यांत सेलेनियमचा एक पत्रा असे. त्यावर उजेड पडला कीं अल्प विद्युत्प्रवाह उत्पन्न होई आणि त्यानें काटा हाले. बॅटरी लागत नसे. १९३८ मध्यें कोडॅकनें या मापकाच्या सांगण्यावरून छिद्र आपोआप ठरविणारा कॅमेरा बाजारांत आणला. पुढें १९६० नंतरच्या दशकांत भिंगांतून आलेल्या उजेडाचेंच मापन करणारे कॅमेरे आले, आणि १९८३ मध्यें निकॉननें चौकटीचे भाग पाडून प्रत्येक भागाचें निरनिराळें मापन करण्याची योजना काढली. आज आपल्या हातीं असलेला मापक हा या सर्वांचा वंशज आहे. खरा काटा जाऊन त्याच्या जागीं बारीकशी रेघ किंवा त्रिकोण आला आहे, एवढेंच. आपण त्यास काटाच म्हणूं.

कळ अर्धी दाबली कीं हा मापक जागा होतो. दर्शकाच्या तळाशीं किंवा कडेला एक पट्टी दिसते. मध्यें शून्य, एका बाजूस अधिक एक, दोन, तीन, व दुसऱ्या बाजूस उणें एक, दोन, तीन. प्रत्येक आंकडा म्हणजे एक स्टॉप, आणि दोन आंकड्यांच्या मधील बारीक खुणा बहुधा एकतृतीयांश स्टॉपच्या असतात. अधिकाची बाजू कांहीं कॅमेऱ्यांत उजवीकडे तर कांहींत डावीकडे असते, म्हणून पहिल्यानें चिन्ह वाचावें. आपण ठरविलेल्या तीन आंकड्यांनीं जितका उजेड घेतला जाणार, तो मापकाच्या अपेक्षेपेक्षां अधिक कीं उणा, एवढेंच काटा सांगतो.

आतां सारा प्रश्न या 'अपेक्षे'चा आहे. मापकाची अपेक्षा काय असते? कॅमेऱ्यासमोर घोडा आहे कीं घागर, बर्फ आहे कीं कोळसा, हें मापकास मुळांत दिसत नाहीं. त्यास वस्तूवरून परत आलेला उजेड तेवढा कळतो. म्हणून मापक करणाऱ्यांनीं एक सोय केली. जगांतील बहुतेक दृश्यांत कांहीं पांढरें, कांहीं काळें, बरेंचसें मधलें असतें. तेव्हां सगळ्याची सरासरी मध्यम करड्या रंगाइतकी धरून चालावें. छायाचित्रकार ज्यावरून उजेड मापतात तो प्रमाण करडा पुठ्ठा त्यावर पडलेल्या उजेडापैकीं सुमारें १८ टक्के परत करितो, आणि आपल्या डोळ्यांस तो काळ्या-पांढऱ्याच्या बरोबर मध्यावर वाटतो. काटा शून्यावर आला याचा अर्थ इतकाच कीं, समोर जें कांहीं आहे तें आतां मध्यम करडें होऊन उतरेल. तें करडें असावयास हवें कीं नको, याविषयीं काट्याचें कांहींच म्हणणें नाहीं. निकॉनच्या योजनेनंतरचे मापक अधिक हुशार झाले आहेत, दृश्याचा अंदाजही बांधतात. परंतु मूळ हिशेब सरासरीचाच राहिला आहे.

माझ्या शब्दावर कोणीं विश्वास ठेवूं नये. घरीं प्रयोग करावा. एक पांढरी चादर, एक काळी छत्री आणि करड्या रंगाचें एखादें कापड घ्या. थेट ऊन येत नाहीं अशा गॅलरींत हीं तिन्ही शेजारीं शेजारीं टांगा. आयएसओ ४०० व एफ ५.६ ठेवा. एकेक वस्तु सबंध चौकट भरून टाकील इतकें जवळ जा. कोऱ्या कापडावर कॅमेरा आपोआप जुळत नाहीं, म्हणून भिंग हातानें जुळवा. पहिल्या फेरींत प्रत्येक वस्तूसाठीं शटर बदलून काटा शून्यावर आणा. आंकडे तुमच्या गॅलरीच्या उजेडाप्रमाणें निराळे येतील, पण त्यांचें परस्परप्रमाण साधारण असें राहील: चादरीस १/२५०, करड्या कापडास १/६०, छत्रीस १/१५. आतां तिन्ही चित्रें पडद्यावर पाहा. चादर करडी, कापड करडें, छत्रीही करडीच! काट्याच्या आज्ञेप्रमाणें तिन्ही वेळां शून्य साधलें, आणि तिहींपैकीं दोन चित्रें खोटीं निघालीं.

दुसऱ्या फेरींत शटर १/६० वर ठेवा आणि त्यास मुळींच हात लावूं नका. चादरीवर काटा अधिक दोनच्या आसपास जाईल, कापडावर शून्यावर राहील, छत्रीवर उणें दोनकडे उतरेल. मापक दोनदां तक्रार करील. ती ऐका, पण मानूं नका. हीं तिन्ही चित्रें पाहा. चादर पांढरी, कापड करडें, छत्री काळी. असें कां झालें, याचा विद्यार्थ्यांनीं क्षणभर विचार करावा. गॅलरींत उजेड तिन्ही वेळां एकच होता. उजेड बदलला नाहीं, म्हणून योग्य एक्स्पोजरही बदललें नाहीं. बदलली ती वस्तु, आणि काटा हालला तो वस्तूच्या रंगामुळें. मॅन्युअल पद्धतीचें सारें रहस्य या प्रयोगांत आहे: पडणारा उजेड ओळखून एकदां आंकडे ठरवावे, आणि उजेड बदलेपर्यंत काट्याच्या मागें धांवूं नये.

या गोष्टीचा प्रत्यय आपल्या ठाण्यांत कोठेंही घेतां येतो. ठाण्याच्या खाडींत हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. २०१५ मध्यें या खाडीचा भाग रोहित पक्ष्यांचें अभयारण्य म्हणून जाहीर झाला, व २०२२ मध्यें त्यास रामसर स्थळांच्या यादींत जागा मिळाली. ओहोटीच्या वेळीं काळसर चिखलावर चरणारा पक्षी उडतो, तिवरांच्या गर्द हिरव्या भिंतीवरून जातो आणि मग लखलखीत आकाशावर येतो. चार सेकंदांत पार्श्वभूमि तीनदां बदलली. पण पक्ष्यावर पडणारें ऊन तेंच राहिलें. आपोआप चालणारा कॅमेरा पार्श्वभूमीच्या सरासरीबरोबर वाहत जातो, आणि गुलाबी पक्षी एकदां पांढराफटक तर एकदां काळा सांवलीसारखा उतरतो. ज्यानें उन्हाचा हिशेब आधींच करून ठेविला आहे, त्याच्या तिन्ही चित्रांत पक्षी गुलाबीच येतो.

याच्या उलट खोपटच्या एस. टी. स्थानकांत दुपारीं उभे राहून पाहावें. छपराखालीं बांकावर प्रवासी सावलींत बसलेले, आणि समोरच्या मोकळ्या आवारांत गाडीवर ऊन तळपत असलेलें. दोन्हींतील अंतर तीनचार स्टॉपचें सहज असतें. प्रवाशाचा चेहरा स्पष्ट हवा तर बाहेरची गाडी उजेडांत विरून जाईल. गाडी हवी तर प्रवासी अंधारांत बुडेल. मापक दोहोंची सरासरी काढून दोन्हीही बेताचींच देईल. येथें आपल्याला काय दाखवावयाचें आहे हें मनुष्यानेंच ठरविलें पाहिजे. तें एकदां ठरलें कीं काटा उत्तम चाकर आहे; न ठरवितां त्याच्या स्वाधीन झालें कीं तो वाईट धनी आहे.

येथपर्यंत पक्षी आणि गाड्या यांचें बोलणें झालें. आतां मुख्य गोष्टीकडे, म्हणजे चेहऱ्यांकडे वळतों. ओळखपत्रासाठीं वर्गांतील चाळीस मुलें एकामागून एक चुन्यानें रंगविलेल्या भिंतीसमोर उभीं राहतात. गणवेशाचा शर्ट पांढरा, भिंत पांढरी. चौकटींत बहुतेक पांढरेंच असल्यामुळें आपोआप चालणारा कॅमेरा उजेड कमी घेतो. गोऱ्या मुलाचें त्यांत फारसें बिघडत नाहीं. सांवळ्या मुलाचे डोळे, भुंवया, हंसूं, सारें कांहीं काळोखांत जातें. मग कोणी म्हणतो, चेहरा मोठा घ्या. जवळ जाऊन केवळ चेहऱ्यानें चौकट भरली कीं मापक उलट चूक करितो: गडद त्वचा मध्यम करड्याकडे ओढून उजळ करितो, आणि अगदीं गोरी असेल ती किंचित् मळवितो. पहिल्या फोटोंत मूल नाहींसें झालें. दुसऱ्यांत आहे, पण तें दुसऱ्याच कोणाचें आहे. सरासरीच्या हिशेबांत चाळीस मुलांपैकीं एकही मूल स्वतःसारखें राहिलें नाहीं.

स्नेहसंमेलनांत हीच गोष्ट उलट्या प्रकारानें घडते, व पालकांस तिचा अनुभव असेल. रंगमंचामागें काळा पडदा, आणि मध्यें एका बालकावर झोत. चौकटींत बहुतेक काळेंच आहे असें पाहून मापक अधिक उजेड मागतो. आईनें प्रामाणिकपणें काटा शून्यावर आणला, आणि घरीं येऊन पाहते तों बाळाच्या चेहऱ्याच्या जागीं पांढरा डाग. डिजिटल कॅमेऱ्याच्या बाबतींत हें नुकसान मोठें आहे. सावलींत दबलेला भाग पुढें संगणकावर पुष्कळसा वर काढतां येतो. पण जो भाग पूर्ण पांढरा होऊन गेला, तेथें काढावयास कांहीं उरलेलेंच नसतें. म्हणून शंका असल्यास चेहऱ्यावरील उजळ भाग वांचवावा. आमच्या समाजांतील विवाहप्रसंगीं तर एकाच चौकटींत वधूचें शुभ्र वस्त्र आणि वराचा काळा कोट असतो. वधूकडे कॅमेरा वळला कीं काटा एकीकडे, वराकडे वळला कीं दुसरीकडे. जो छायाचित्रकार दोघांवर पडलेला उजेड मापून आंकडे तेथेंच ठेवितो, त्याच्याच फोटोंत वस्त्र शुभ्र व कोट काळा राहतो.

कोणी म्हणतील, यंत्रास रंगाचें सोयरसुतक नाहीं, तेव्हां अन्याय हा शब्द येथें कशाला? यंत्रास नसेल, पण यंत्राचें प्रमाण माणसें ठरवितात. अमेरिकेंत कोडॅकची रंगीत फिल्म धुणाऱ्या प्रयोगशाळांत रंग जुळविण्यासाठीं एका गोऱ्या स्त्रीचें चित्र असलेला नमुना पाठविला जाई, आणि तिची त्वचा चांगली आली कीं सर्व चांगलें आलें असें समजत. काळ्या माणसांचे चेहरे त्या फिल्मवर नीट येत नसत. गडद तपकिरी छटांत सुधारणा करण्याचा नेट लागला तो चॉकलेट व लांकडी सामान यांच्या जाहिराती करणाऱ्यांच्या तक्रारींवरून, असें सांगितलें जातें. निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रियांचा एकत्र नमुना कोडॅकनें काढला तो १९९० नंतरच्या दशकांत. गूगलनें आपल्या फोनचा कॅमेरा गडद वर्णांचें खरें चित्र घेऊं शकेल अशी सुधारणा मोठ्या गाजावाजानें जाहीर केली, ती २०२१ मध्यें. म्हणजे हा दोष कल्पनेंतला नव्हता. कारखानदारांनींही तो मान्य करून दूर करण्याचे प्रयत्न केले आहेत.

परंतु दूरच्या कारखानदारांस बोल लावून आपण मोकळे होऊं शकत नाहीं. "फोटो जरा गोरा करून द्या," ही मागणी आपल्याकडे छायाचित्रकाराच्या दुकानांत कोण करितो? मुलीच्या विवाहाकरितां फोटो पाठविणारे वडील करितात, आणि कधीं कधीं शाळेच्या ओळखपत्रासाठींही करितात. आतां तर फोनांतच तशी सोय असते. न मागतां त्वचा गुळगुळीत व उजळ होऊन येते. यांत पालकांचा हेतु वाईट नसतो, हें मी जाणतों. पण ज्या घरांत मुलीचा स्वतःपेक्षां उजळ फोटो भिंतीवर लागतो, त्या घरांत ती मुलगी रोज एक पाठ वाचते, आणि तो पाठ कोणीं तोंडानें शिकविलेला नसला तरी तिच्या मनावर ठसतो. तिला असें कळतें कीं, आपल्या मूळच्या रंगांत दुरुस्ती करण्यासारखें कांहीं आहे. हें शिक्षण आपण आपल्या मुलांस देऊं इच्छितों काय?

सांवळ्या चेहऱ्याचा फोटो चांगला यावयास तो गोरा करण्याची गरज नसते. त्यावर उजेड चांगला पाडण्याची गरज असते. दोन्ही एकच नव्हेत. मुलास भिंतीपासून पुढें, खिडकीच्या मऊ उजेडांत बसवावें; दुसऱ्या बाजूनें एक पांढरा पुठ्ठा धरावा, म्हणजे सावलींतील गालावर उजेड परत फिरतो. मग डोळ्यांत चमक येते, कपाळाची व गालांची गोलाई दिसते, आणि रंग मात्र जसाच्या तसा राहतो. अमेरिकेंतील अॅन्सेल ॲडम्स व फ्रेड आर्चर या दोघां छायाचित्रकारांनीं १९४० च्या सुमारास काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांच्या पायऱ्या ठरवून दिल्या, त्यांतील सार हेंच कीं, कोणती वस्तु कोणत्या पायरीवर बसवावयाची हें आधीं मनांत ठरवावें व मग मापक वाचावा. उजळ चेहरा शून्याच्या एक पायरी वर शोभतो, गव्हाळ चेहरा शून्याजवळ, आणि गडद चेहरा शून्याच्या खालीं एक पायरीपर्यंत. तो तेथेंच खरा असतो, आणि तेथेंच सुंदरही दिसतो.

करडा पुठ्ठा सर्वांजवळ नसतो. पण देवानें प्रत्येकास एक मापक दिला आहे, तो म्हणजे आपला तळहात. माणूस कोणत्याही वर्णाचा असो, तळव्यांच्या रंगांत फारसा फरक नसतो, व तो मध्यम करड्यापेक्षां साधारण एक पायरी उजळ असतो. ज्या उजेडांत फोटो काढावयाचा आहे त्याच उजेडांत तळहात धरून त्यानें चौकट भरावी, आणि काटा अधिक एकवर येईल असे आंकडे ठरवावे. मग तळहात काढून घेऊन निश्चिंतपणें फोटो काढावे. उन्हांतील हिरवें गवत किंवा जुना डांबरी रस्ता हीं शून्यासाठीं चालतात. एक सावधगिरी मात्र घ्यावी: कांहीं कॅमेऱ्यांत मॅन्युअल निवडलें तरी आयएसओ आपोआप बदलत राहतो. तसें असेल तर आपण दोन आंकडे धरून बसलों, आणि तिसरा यंत्र आपल्या मागें हालवीत राहिलें, असें होतें. तो प्रथम बंद करावा.

याचा अर्थ मॅन्युअल तेवढें पवित्र व ऑटो तेवढें त्याज्य, असा माझा आग्रह नाहीं. आषाढांत येऊरच्या डोंगरावर ढग क्षणांत सूर्य झांकितात व क्षणांत सोडितात. तेथें हातानें आंकडे फिरवीत बसणाऱ्याचें चित्र हातचें जाईल. धांवत्या खेळाच्या वेळीं, बातमीच्या वेळीं ऑटोच बरें, आणि त्यांतही अधिक-उणें करण्याची सोय असते, ती वापरावी. माझें म्हणणें एवढेंच कीं, शिकावयाचें तें आधीं मॅन्युअलवर. कारण ऑटोमध्यें मापकाचा निकाल पडद्याआड लागतो व आपणांस केवळ चित्र मिळतें. मॅन्युअलमध्यें तोच निकाल आपल्यापुढें मांडला जातो, आणि तो मान्य करावयाचा कीं फिरवावयाचा हें आपल्या हातीं राहतें. ज्यानें मापकाशीं दहा वेळां कारणासह मतभेद केला आहे, त्यानें अकराव्या वेळीं यंत्रावर सोंपविलें तरी हरकत नाहीं. त्यास काय सोंपविलें हें ठाऊक असतें.

म्हणून शेवटीं तीन सूचना करितों. शाळांनीं ओळखपत्रांचे फोटो एकाच जागीं, एकाच उजेडांत, एकदां ठरविलेल्या आंकड्यांवर काढवावे, आणि नंतर कोणाचाही रंग उजळवूं नये. विज्ञानाच्या तासास चादर, छत्री व करडें कापड यांचा वरील प्रयोग एकदां करून दाखवावा. त्यास एक कॅमेरा व अर्धा तास पुरतो, आणि त्यांत गणित, पदार्थविज्ञान व चित्रकला यांची सहज भेट होते. आणि पालकांस विनंति अशी कीं, पुढच्या खेपेस फोटो हातीं आला म्हणजे तो गोरा आला कीं नाहीं हें न पाहतां, तो आपल्या मुलासारखा आला आहे कीं नाहीं हें पाहावें, आणि नसेल तर निःसंकोचपणें परत करून दुसरा मागावा.